मोडशी, माड आणि बिब्बा: विभागप्रमुखांना एक खुलं पत्र

प्रति,
मराठी, कोकणी, पोर्तुगीज आणि आयुर्वेद विभागांचे प्रमुख,
महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठे आणि महाविद्यालये

माननीय विभागप्रमुखहो,

स. न. वि. वि.

मी सावंतवाडीकडचा एक औषधविक्रेता. बी. फार्म. झाल्यापासून बत्तीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. पोर्तुगीज मला येत नाही, आणि संशोधनाच्या नावावर माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तरी लिहितोय, कारण ज्या कामासाठी लिहितोय (१५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज औषधी पुस्तकाचं मराठी भाषांतर) ते कुठल्याही एका विभागाच्या आवाक्यातलं नाही, आणि तुम्ही चौघं एका टेबलाशी सहसा बसत नाही.

माझी आजी कुणाचं पोट बिघडून उलट्या सुरू झाल्या की म्हणायची, "मोडशी झालीहा." मग चुलीवर पेज चढायची आणि तिची निवळ, मिठाचा खडा घालून, वाटीवाटीने पोटात जायची. पुढे कॉलेजात मी ओआरएसचं शास्त्र शिकलो, आणि मोडशी हा शब्द गावाकडच्या ट्रंकेत राहिला. कितीतरी वर्षांनी, दुकानात दुपारचं गिऱ्हाईक नसताना, मोबाइलवर एका जुन्या पुस्तकाचं १९१३ सालचं इंग्रजी भाषांतर वाचत होतो. त्यात एका भयंकर आजाराबद्दल लेखक सांगतो: आम्ही याला कॉलेरिका पासिओ म्हणतो, अरब हाचैझा म्हणतात, इथले लोक मोर्शी म्हणतात, आणि आम्ही पोर्तुगीजांनी तो शब्द बिघडवून मोर्देशी केला आहे.

मोर्शी! (अमरावतीकरांनी गैरसमज करून घेऊ नये.) मी खुर्चीतून उठलोच. पुढची ओळ अशी, की रोग्याला भाताचं पाणी पाजतात, त्यात मिरी आणि जिरं घालतात, आणि त्याला कांजे म्हणतात.

हे पुस्तक १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झालं. मुद्रक जोआनेस द एंडेम. लेखक गार्सिया द ओर्ता. नाव लांबलचक आहे, त्याचा सरळ अर्थ 'भारतातील वनौषधी, द्रव्ये आणि औषधी वस्तूंविषयीचे संवाद'. आपल्याकडे छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती, आणि ते छपाईवरून कळतं. शेवटी जोडलेलं शुद्धिपत्रच वीसेक पानांचं आहे. याच पुस्तकात कामोइंश या पोर्तुगीज महाकवीची कविता पहिल्यांदा छापली गेली. पोर्तुगालमध्ये ओर्ताचं नाव रुग्णालयाला आहे, २० एस्कुदोंच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. पणजीत चर्चजवळच्या बागेला त्याचं नाव आहे. त्या बागेत बाकावर बसून मी भेळ खाल्ली आहे, आणि बाकावरच्या शेजाऱ्याला हा कोण होता असं विचारल्यावर "कोणतरी गव्हर्नर" हे उत्तर ऐकलं आहे.

गव्हर्नर नव्हे, डॉक्टर. जन्म साधारण १५०१ चा, पोर्तुगालमधल्या कास्तेलु द विद गावचा. आईवडील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले आणि १४९७ मध्ये पोर्तुगालात बळजबरीने बाप्तिस्मा दिलेल्यांतले. सालामांका आणि आल्काला इथे शिक्षण, मग लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन. १५३४ साली मार्तिम आफोंसु द सोझा याच्या ताफ्याबरोबर तो गोव्याला आला आणि १५६८ मध्ये गोव्यातच वारला. म्हणजे चौतीस वर्षं. इतकी वर्षं राहिलेल्या माणसाला बाहेरचा म्हणायचं का, हे तुम्ही ठरवा. त्याच्या पुस्तकातले शब्द मात्र बाहेरचे नाहीत.

माझ्या वहीतले काही शब्द देतो. बिब्ब्याला तो बिबो म्हणतो. नारळाच्या झाडाला मारो, फळाला नारेल. फणस झाला पानाझ. हळद झाली आलद, हत्ती झाला आती. विड्याच्या पानाला दख्खन, गुजरात आणि गोव्यात पान म्हणतात, हे तो नीट नोंदवतो, आणि सुपारीला सुपारे. तमालपत्राला तमालपत्र. प्राजक्ताला गोव्यात पारिझाताको म्हणतात, असं सांगून त्याची गोष्टही सांगतो: एका सरदाराची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली, त्याने तिला टाकलं, तिने जीव दिला, आणि तिच्या राखेतून उगवलेल्या झाडाची फुलं सूर्याचं तोंड पाहायला नको म्हणून रात्री फुलतात. प्राजक्ताच्या केशरी देठांनी पदार्थांना रंग येतो, हेही त्याला माहीत आहे. आमच्याकडे तो उद्योग अजून मुली करतात.

आता मारो आणि मोर्शी शेजारी शेजारी ठेवून पाहा. माडचा मारो आणि मोडशीचा मोर्शी: दोन्हीकडे आपल्या ड च्या जागी र आला आहे. ओर्ताच्या कानाला आपला ड तसा ऐकू येत होता आणि त्याच्या लिपीत त्याला दुसरं अक्षर नव्हतं. आलद आणि आती यांत ह गळला, कारण पोर्तुगीजात ह लिहिला तरी बोलत नाहीत. हे एका औषधविक्रेत्याला दुपारच्या वेळात दिसलं, तर ध्वनिशास्त्र शिकलेल्या माणसाला या पुस्तकात काय काय दिसेल! मारो आणि पारिझाताको यांच्या शेवटी जो ओ आहे तो पोर्तुगीज सवयीचा, की त्या काळी इथे खरोखर उकारान्त उच्चार होत होता? फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. हे पुस्तक त्याच्याही त्रेपन्न वर्षं आधीचं. आपली बोली परक्या कानाने टिपलेली, छापून तारीख घातलेली अशी साधनं आपल्याकडे किती आहेत?

मोडशीचं पुढे काय झालं तेही मजेशीर आहे. पोर्तुगीजांचा मोर्देशी फ्रेंचांच्या कानावर गेला आणि त्यांनी त्याचा 'मोर द शियां' केला, म्हणजे कुत्र्याचं मरण. इंग्रजांनी तोच उचलला. पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, मरणाऱ्या माणसाची अवस्था पाहता नाव चपखल वाटलं असणार. मूळ शब्द मोडण्यावरून आलेला, कोकणातल्या स्वयंपाकघरातला, आणि तो युरोपातल्या प्रवासवर्णनांत कुत्र्याचा होऊन हिंडला.

त्या आजाराचं ओर्ताने केलेलं वर्णन मी अनेकदा वाचलं आहे, कारण ते कामाच्या माणसाने लिहिलंय. नाडी लागत नाही, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात. आमच्या देशापेक्षा इथे हा आजार तीव्र आहे, बहुधा चोवीस तासांत माणूस जातो, दहा तासांत गेलेले मी पाहिले आहेत, आणि फार टिकला तर चार दिवस. जून-जुलैत, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, जास्त. इथले वैद्य काय करतात तेही लिहिलंय: कांजे पाजतात, पायाला डाग देतात, डोळ्यांत पिंपळी घालतात. डागाचं आणि पिंपळीचं समर्थन मी करणार नाही, पण भाताच्या पाण्याबद्दल बोलायला मी बसलोच आहे. आशियातल्या पटकीचं युरोपियन डॉक्टरने केलेलं हे सर्वात जुन्या वर्णनांपैकी एक. ते गोव्यात, आपल्या शब्दासकट.

पुस्तक संवादाच्या रूपात का आहे, यातच त्याची खरी गंमत आहे. एकीकडे ओर्ता स्वतः, दुसरीकडे रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर. तो सालामांका आणि आल्कालातला जुना सहाध्यायी, नुकताच स्पेनहून आलेला, ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ तोंडपाठ असलेला. रुआनो म्हणतो, डायोस्कोरिडीस असं लिहितो, गॅलन तसं लिहितो. ओर्ता म्हणतो, मला डायोस्कोरिडीस आणि गॅलनची भीती घालू नका, मी खरं तेच आणि मला ठाऊक आहे तेच सांगणार. दुसऱ्या एका ठिकाणी तो कबूल करतो, की मी स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती. म्हणजे रुआनो दुसरा कुणी नव्हेच. तो गोव्याला येण्यापूर्वीचा ओर्ता आहे. एकाच माणसाने स्वतःच्या शिक्षणाशी घातलेला हा वाद आहे, आणि तोही लॅटिनमध्ये नाही, पोर्तुगीजमध्ये, म्हणजे गोव्याच्या बाजारात बसलेल्यालाही वाचता यावा असा.

आणि मध्येच दार वाजतं. नोकर आत येतो: मुंबईचा तुमचा खंडकरी सिमाऊं तोस्कानु आलाय, गव्हर्नरला नजर करायला आंब्यांची करंडी आणली आहे, मचवा बांधून मुक्कामालाच येतो म्हणाला. मुंबई बेट पोर्तुगीजांनी ओर्ताला भाडेपट्ट्याने दिलं होतं, साधारण १५५४ पासून. त्यावर ओर्ता रुआनोला सांगतो, की माझ्या त्या बेटावर एक आंबा आहे, वर्षातून दोनदा धरतो, एकदा आत्ता आणि एकदा मेअखेरीस. मेमधलं फळ वासाला आणि चवीला सरस, पण याचं कौतुक हे की ते अवेळी येतं. मुंबईबद्दल ढिगाने लिहिलेलं आहे. या अवेळी फळणाऱ्या आंब्याचं कलम मात्र कुणी शोधलं का, असा प्रश्न मला दर मोसमात पडतो.

घारापुरीही आहे यात. बेटाला तो पोरी म्हणतो. १५३४ साली आलो तेव्हा लेणी फार पाहण्यासारखी होती, मी ती वसईचं युद्ध चाललं असताना पाहिली, आणि आता गुरं आत शिरून खराबी झाली आहे, असं सांगतो. सोळाव्या शतकातली वारसा-जतनाची तक्रार!

भांगेवर एक संवाद आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशाह मार्तिम आफोंसु द सोझाला म्हणाला होता, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान बघावंसं वाटलं की मी थोडी भांग खातो. बिब्ब्यावरच्या संवादात ओर्ता सांगतो, की हिरवं फळ मिठात घालतात, त्याला अचार म्हणतात, आणि आपल्याकडे ऑलिव्ह विकतात तसं ते बाजारात मिळतं. धोत्र्यावरचा संवाद तर निव्वळ पोलीस केस आहे: मोलकरणीने धनिणीला धोत्रा घालून दागिने लांबवले, धनीण हसत सुटली, ओर्ताने तिला बरं केलं. विषबाधेची ती नोंद आज वैद्यकाच्या वर्गात जशीच्या तशी वाचून दाखवावी इतकी स्वच्छ आहे.

नगरकरांसाठी एक वेगळा परिच्छेद लिहितो. बुऱ्हाण निजामशाह हा ओर्ताचा रोगीही होता आणि मित्रही. अहमदनगरच्या दरबारात ओर्ता तिथल्या हकिमांशी वाद घालायचा. निजामशाहकडून आपल्याला बारा हजारांहून जास्त पार्दाव (तेव्हाचं गोव्यातलं नाणं) मिळाले, असं तो स्वतः लिहितो. वर्षातले काही महिने येऊन राहशील तर चाळीस हजारांचं उत्पन्न लावून देतो, असंही निजामशाह म्हणाला. ओर्ताने नाही म्हटलं. का, ते पुस्तकात फारसं उलगडत नाही. माझा तर्क असा, की त्याला स्वतःचा व्यापार सोडायचा नव्हता. तो औषधं आणि रत्नांचा व्यापारीही होता, आणि साध्या डॉक्टराला बेट भाड्याने मिळत नसतं.

आता त्याची दुसरी बाजू. तुम्हाला मी नुसत्या आरत्या पाठवत नाही. ओर्ताच्या घरी गुलाम होते. अंतोनिया नावाची त्याची दासी पुस्तकात येते, तिला झाडपाला आणायला पिटाळलं जातं, आणि ती अचूक आणते. म्हणजे झाड ओळखणारी तीच होती. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य एका संवादात येऊन बोलतो. मालुपा म्हणजे मालपा, की मल्लाप्पा, की आणखी काही? गोव्याच्या माणसाला पाहिल्याबरोबर सुचेल. बाकी ज्या वैद्यांकडून, वाण्यांकडून, मचवेकऱ्यांकडून ओर्ताने हे ज्ञान घेतलं, त्यांतल्या बहुतेकांची नावं नाहीत. इथल्या वैद्यांना शरीररचना ठाऊक नाही, यकृत कुठे आणि प्लीहा कुठे हेही कळत नाही, असं तो तुच्छतेने लिहितो. आणि तोच माणूस हेही लिहितो, की मी आधी माझी औषधं देतो, त्यांनी गुण आला नाही की इथल्या ब्राह्मणांची देतो. हे दोन्ही एकाच हाताने लिहिलेलं आहे आणि दोन्ही मराठीत यायला हवं.

युरोपात हे पुस्तक कसं गेलं ते वाचून मला वाईट वाटलं होतं. क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला १५६४ मध्ये त्याची प्रत मिळाली आणि १५६७ मध्ये अँटवर्पला त्याने लॅटिन संक्षेप छापला. तो गाजला, पुन्हा पुन्हा निघाला, आणि युरोपभरचे वैद्य ओर्ताला त्यातूनच ओळखू लागले. पण संक्षेप करताना क्लुसियसने संवाद काढून टाकले. रुआनो गेला, अंतोनिया गेली, आंब्याची करंडी घेऊन आलेला तोस्कानु गेला. राहिली फक्त द्रव्यं. विज्ञानाला ते सोयीचं पडलं असेल. ज्ञान कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं, हे मात्र त्या कात्रीखाली गेलं. मूळ पोर्तुगीज पुस्तक पुढची तीनशे वर्षं जवळजवळ विस्मृतीत होतं. कोंदे द फिकाल्यु या विद्वानाने १८९१ ते १८९५ या काळात टिपांसह दोन खंडांत ते पुन्हा काढलं, तेव्हा ते उजेडात आलं. आपल्या शब्दांची ओळख पटवायला त्याने लिस्बनमध्ये बसून संस्कृत आणि मराठी कोश उलगडले. बिबो म्हणजे काय हे रत्नागिरीच्या कुठल्याही धोब्याने त्याला एका मिनिटात सांगितलं असतं.

म्हणूनच हे पत्र.

केरळचं उदाहरण तुमच्यासमोर ठेवतो. व्हान ऱ्हेडे या डच अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात काढला. त्यात इट्टी अच्युतन या वैद्याचं नाव आहे. त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोंकणी ब्राह्मणांचीही नावं आहेत, आणि त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोकणीत, ग्रंथात छापलेलं आहे. एकशे पंधरा वर्षांत एवढा फरक पडला: ओर्ताकडे बहुतेकांचं नाव नाही, व्हान ऱ्हेडेकडे नाव आणि सही. तो ग्रंथ लॅटिनमध्ये अडकून पडला होता. के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने पस्तीसहून जास्त वर्षं खर्च करून त्यातली एकेक वनस्पती जंगलात जाऊन ओळखली, सगळं इंग्रजीत आणलं आणि मग मलयाळममध्येही. केरळ विद्यापीठाने ते छापलं. हे पाहून मला असूया वाटली, हे लपवत नाही.

तुम्ही चौघांनी एका टेबलाशी बसावं एवढ्यासाठी हे लिहिलं. भाषांतर १५६३ च्या पोर्तुगीज पाठावरून व्हावं, १९१३ च्या इंग्रजीवरून नको. इंग्रजीतून आपले शब्द परत आणले की ते दोनदा मोडतात. ओर्ताने लिहिलेला प्रत्येक देशी शब्द त्याच्याच रूपात ठेवून शेजारी आजचं नाव यावं, आणि ते 'प्रमाण' एकच नाव नको, तालुक्यानुसार. सावंतवाडीत रातांबा, गोव्यात भिंडां, बाजारात कोकम किंवा सोलं. ओर्ता त्याला ब्रिंदाऊं म्हणतो. भिंडां म्हणणाऱ्याला ते लगेच ओळखू येतं, कोकम म्हणणाऱ्याला नाही. आयुर्वेदवाल्यांनी प्रत्येक द्रव्यापुढे सांगावं, की हे निघंटूत (जुन्या औषधी कोशांत) आहे की नाही, आणि ओर्ताने सांगितलेला उपयोग आज कुणी करतं का. चुका असतील तर चूक म्हणून लिहावं. मराठी की कोकणी हा वाद मात्र या पुस्तकात आणू नये अशी हात जोडून विनंती आहे. ओर्ता गोव्याच्या लोकांना कानारी म्हणतो आणि घाटावरच्यांना दख्खनी, आणि बहुतेक वेळा दोघांचा शब्द एकच देतो. भांडायला बाकी विषय पुष्कळ आहेत.

अशा आवृत्तीने दोन-तीन समजही दुरुस्त होतील. कोकमाच्या वंशाचं (जीनसचं) शास्त्रीय नाव गार्सिनिया आहे, ते गार्सिया द ओर्तावरून पडलं, असं मी एका प्रदर्शनातल्या फलकावर वाचलं आहे. तसं नाही. ते लोराँ गार्सँ या अठराव्या शतकातल्या निसर्गअभ्यासकावरून आहे. ओर्ताला हा मान मिळायला हवा होता असं वाटतं, हे मान्य, पण मिळाला नाही. दुसरं, काजू. कोकणाचं नाव काढलं की काजू, पण ओर्ताच्या पुस्तकात काजू नाही. त्याच्यावरच बेतलेलं आकोस्ता या डॉक्टरचं पुस्तक १५७८ साली निघालं, त्यात आहे. म्हणजे हे पुस्तक काजू रुजण्याआधीचं कोकण दाखवतं. वेंगुर्ल्याच्या कुठल्याही टेकडीवर उभं राहून हे वाचावं.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती टाळून हे पत्र पुरं होणार नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. ओर्ता १५६८ मध्ये मरण पावला, म्हणून सुटला, असं म्हणायचं. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याबद्दल जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. पुस्तकात त्याने स्वतःच्या ज्यू मुळांबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. मला ज्या दिवशी हे समजलं त्या दिवसापासून 'स्पेनमध्ये असतो तर हिंमत झाली नसती' ही ओळ गॅलनपुरती वाचता येत नाही. ज्या माणसाने इतक्या शब्दांची नोंद ठेवली, त्याच्या घरात काय बोललं जात होतं त्याची नोंद दुसऱ्यांनी ठेवली, कोर्टाच्या कागदांत. पोर्तुगीज विभागांनी तेही कागद वाचून प्रस्तावना लिहावी.

२०६३ साली या पुस्तकाला पाचशे वर्षं होतील. मणिलालांना लागलेला वेळ पाहता सुरुवात करायला आजचा दिवस लवकर नाही. समारंभ, टपाल तिकीट, पुतळ्याला हार, हे होईलच. त्याच्या आधी एखादी तरी कार्यशाळा गोव्यात किंवा सिंधुदुर्गात घ्या, आणि तिथे प्राध्यापकांबरोबर दोन वैदू, एक जुना वाणी आणि साठीच्या वरच्या चार बाया बोलवा. सुरुवात एका संवादाने करा. पटकीचा घ्या किंवा माडाचा. त्या बायांना ओर्ताचे शब्द मोठ्याने वाचून दाखवा, अर्थ सांगू नका, आणि त्या काय ओळखतात ते लिहून घ्या. माझ्या आईवर मी हा प्रयोग केला. मोर्शी आणि कांजे तिने लगेच ओळखलं. मारोला अडखळली. पारिझाताको म्हटल्यावर उठून परसात गेली.

माझी वही, तिच्यातले एकशे चाळीस शब्द, आणि वाळवलेले नमुने मी द्यायला तयार आहे. हिरडा, बेहडा, आवळा, निगडी, हळद, रातांब्याची सालं, सगळं कुरिअरने पाठवेन. बिब्बा मात्र पाठवणार नाही. पार्सल उघडणाऱ्या शिपायाच्या हातावर उतला तर काम सुरू होण्याआधीच बंद पडायचं. तो माझ्या दुकानात येऊन बघावा लागेल. रविवारी दुपारी दुकान बंद असतं, बाकी रोज मी आहे.

कळावे,
आपला,
सावंतवाडीकडचा एक औषधविक्रेता